छोट्या बोर्डावर बेसिक: आपला प्रोग्राम नक्की राहतो कुठे?

तारजोड

मंडळी, माझ्याकडे एक आर्डुइनो ऊनो आणि एक रास्पबेरी पाय पिको असे दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपचे) पडून आहेत. काम अगदी साधं आहे. अंधार पडला की रिलेवरून (बोर्डाने चालवायच्या स्विचवरून) दिवा लागावा, उजाडलं की बंद व्हावा. सी मध्ये हे होतंच, पण ‘किती अंधार म्हणजे अंधार’ हा आकडा सारखा बदलावा लागतो. दर वेळी आयडीई (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) उघडा, कंपाइल करा, अपलोड करा, याचा वैताग आलाय. बोर्डावरच बेसिक भाषेचा इंटरप्रिटर (ओळ वाचून तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्राम) असला तर एक ओळ बदलून रन म्हटलं की झालं, असा विचार.

ऊनोवर टायनी बेसिक प्लस हा छोटा इंटरप्रिटर चढवला. प्रॉम्प्ट आला, तेरा नंबरच्या पिनवरचा दिवा लुकलुकला, मजा आली. पण पुढे गाडं अडलंय. बोर्ड म्हणे ३२ केबीचा, आणि हा इंटरप्रिटर सुरू होताना जेमतेम हजार बाइट मोकळे दाखवतो. नोटपॅडमधून प्रोग्राम चिकटवला तर मधलीच अक्षरं गायब होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं की आख्खा प्रोग्राम नाहीसा. वीज गेलेली नसते, काही नाही.

बेसिकचा नाद सोडून द्यावा का?

मुक्तछंद

१० प्रिंट "सोडू नका"
२० गोटू १०

शून्यएक

सोडा. आठ बिटांच्या चिपवर इंटरप्रिटर चालवणं ही हौस आहे, इंजिनिअरिंग नाही. उंबरठ्याचा आकडाच बदलायचा असेल तर एक पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा, स्क्रू ड्रायव्हरने फिरवा. सी मधला कोड आहे तसाच राहू द्या.

बाइटमोजणी

शून्यएक यांचा पोटेन्शिओमीटरचा सल्ला बरोबर आहे, पण धागाकर्त्याला आकडाच नाही, उद्या नियमही बदलावासा वाटेल. तेव्हा मूळ प्रश्नांकडे येतो.

ऊनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये तीन वेगवेगळ्या मेमरी आहेत. ३२ केबी फ्लॅश, २ केबी एसरॅम (म्हणजे रॅम, वीज गेली की पुसली जाणारी) आणि १ केबी ईप्रॉम (EEPROM, फ्लॅशसारखीच वीज गेली तरी टिकणारी). तुम्ही अपलोड केलेला इंटरप्रिटर फ्लॅशमध्ये बसतो. तुम्ही प्रॉम्प्टवर टाइप केलेल्या ओळी जातात त्या २ केबी रॅममध्ये. त्याच रॅममधून इंटरप्रिटरची स्वतःची चलं, सीरिअलचे (कॉम्प्युटरशी बोलण्याच्या जोडणीचे) बफर आणि सी चा स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) यांनाही जागा लागते. ती वजा जाता तुमच्या वाट्याला जे उरतं तेच हजारभर बाइट.

मग प्रोग्राम फ्लॅशमध्येच का नाही ठेवत? कारण या चिपमध्ये फ्लॅशवर लिहिण्याची सूचना फक्त बूटलोडरच्या (नवा प्रोग्राम चढवणाऱ्या छोट्या कोडच्या) राखीव भागातून चालते. नेहमीच्या भागात बसलेल्या इंटरप्रिटरला फ्लॅश वाचता येते, लिहिता येत नाही.

हजार बाइट म्हणजे किती, हे एका ओळीवरून बघा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, बोर्डावर अर्थात रोमनमध्ये टाइप करायच्या. ही ओळ १३ नंबरची पिन चालू करते.)

१० डीराइट १३,१

टायनी बेसिक प्लस ही ओळ मजकूर म्हणूनच साठवतो. ओळीच्या क्रमांकाला २ बाइट, लांबीला १, रोमनमधल्या अकरा अक्षरांना ११ आणि ओळ संपल्याच्या खुणेला १. एकूण १५. अशा साठ-पासष्ट ओळी झाल्या की जागा संपली. ‘डीराइट’च्या सहा अक्षरांऐवजी एका बाइटचं टोकन ठेवलं असतं तर हीच ओळ १० बाइटांत बसली असती. पण मग लिस्ट दाखवताना टोकनचं पुन्हा शब्दात रूपांतर करणारा कोड लागला असता. इथे लेखकाने साधेपणा निवडलाय. माझ्या मते ते योग्यच आहे, कारण त्यामुळे सोर्स एका बैठकीत वाचून होतो.

गोटूदहा

वा, जुने दिवस आठवले! १९८१ च्या झेडएक्स ८१ या घरगुती संगणकात ८ केबी रॉममध्ये बेसिक आणि प्रोग्रामला १ केबी रॅम. त्या एका केबीतून पडद्यावरच्या मजकुरालाही जागा द्यावी लागायची. म्हणजे तुमचा ऊनो जवळपास त्याच घडणीचा आहे, फक्त पडदा नाही. त्यात टोकन होते, त्यामुळे एक कळ दाबली की आख्खा शब्द उमटायचा.

आणि टायनी बेसिक तर त्याहून जुना. मूळ बेसिक १९६४ मध्ये डार्टमथला केमेनी आणि कुर्ट्झ यांनी केला, तो मोठ्या सामायिक यंत्रासाठी. १९७५ मध्ये घरगुती संगणकांचे किट आले तेव्हा लोकांकडे मेमरी नव्हती. म्हणून पीपल्स कॉम्प्युटर कंपनीच्या वार्तापत्रात डेनिस ॲलिसन यांनी कापून-छाटून छोटा आराखडा मांडला. फक्त पूर्णांक आणि ए ते झेड अशी सव्वीस चलं. तो आराखडा वाचून कुणी कुणी घरी बसून आपापला इंटरप्रिटर लिहिला. ली-चेन वांग यांच्या १९७६ च्या पालो आल्टो टायनी बेसिकच्या माथ्यावर तर ‘कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ह्ड’ असं छापलं होतं.

निशिगंधा

इतिहास छान. आता प्रोग्राम नाहीसा होण्याचं बघू.

ऊनोचा सीरिअल पोर्ट कॉम्प्युटरवरून उघडला की डीटीआर ही रेषा हलते, आणि ती एका कपॅसिटरमधून रीसेटला जोडलेली असते. अपलोडच्या वेळी बोर्ड आपोआप रीसेट व्हावा म्हणून ही सोय आहे. तुम्ही टर्मिनल पुन्हा उघडता, बोर्ड रीसेट होतो, इंटरप्रिटर पहिल्यापासून सुरू होतो आणि रॅम रिकामी समजतो. उपाय म्हणजे रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटकडे. नवीन स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) अपलोड करताना मात्र तो काढावा लागतो.

अक्षरं गळण्याचं कारण वेगळं आहे. आर्डुइनोच्या सीरिअलचा येणारा बफर ६४ बाइटांचा असतो. तुम्ही एंटर दिलं की इंटरप्रिटर ती ओळ क्रमांकाप्रमाणे योग्य जागी घुसवतो, त्यासाठी पुढच्या सगळ्या ओळी सरकवतो. शिवाय येणारं प्रत्येक अक्षर तो परत पाठवत असतो. या गडबडीत चिकटवलेला मजकूर भसाभसा येत राहतो, बफर भरतो आणि पुढची अक्षरं सरळ टाकून दिली जातात. टेरा टर्ममध्ये दर ओळीमागे थांबा घालायची सेटिंग आहे. १००-२०० मिलिसेकंद द्या, पुष्कळ झालं.

आयडीईमधला सीरिअल मॉनिटर या कामाला वापरूच नका. त्यातून कंट्रोल-सी पाठवता येत नाही, म्हणजे अडकलेला प्रोग्राम थांबवता येत नाही. शिवाय ‘नो लाइन एंडिंग’ निवडलेलं राहिलं तर तुम्ही टाइप करत बसता आणि बोर्ड ढिम्म. पुटी, टेरा टर्म, मिनिकॉम, काहीही घ्या.

तारजोड

निशिगंधा, तुमचे आभार कसे मानू! दर ओळीमागे थांबा घातल्यावर सगळं नीट चढलं. कपॅसिटरही लावला, आता टर्मिनल उघड-बंद केलं तरी लिस्टमध्ये ओळी शाबूत.

प्रोग्राम असा झालाय (एरीड प्रकाश-सेन्सरचं वाचन देतो):

१० ए=एरीड(०)
२० इफ ए<३०० डीराइट ८,१
३० इफ ए>४०० डीराइट ८,०
४० डिले १०००
५० गोटू १०

या इंटरप्रिटरला इफनंतर ‘देन’ लागत नाही, उलट लिहिलं तर तो रुसतो. आता दोन प्रश्न. वीज गेली तर प्रोग्राम टिकवायचा कसा? आणि मला वाचनाचे मिलिव्होल्ट करून बघायचे होते म्हणून ए गुणिले ५००० भागिले १०२४ केलं, तर भलतेच आकडे, कधी उणे सुद्धा. सेन्सर खराब आहे का?

बाइटमोजणी

सेन्सर ठणठणीत आहे. टायनी बेसिकमधले आकडे १६ बिटांचे पूर्णांक, −३२७६८ ते ३२७६७. एरीड जास्तीत जास्त १०२३ देतो. त्याला नुसतं ५० ने गुणलं तरी ५११५० होतात, ते मावत नाहीत आणि −१४३८६ म्हणून बाहेर येतात. ५००० ने गुणल्यावर तर विचारूच नका. आणि चूक दाखवणारा संदेशही येत नाही, हे जास्त घातक.

आधी भागून मग गुणलं तर अपूर्णांक उडून जातो. म्हणून गुणक फोडायचा. ५००० भागिले १०२४ म्हणजे ४.८८२८. त्यातले ४ सरळ घ्या आणि उरलेल्या ०.८८२८ साठी जवळचा लहान अपूर्णांक शोधा:

व्ही = ए*४ + ए*२२/२५

१०२३ गुणिले २२ म्हणजे २२५०६, मावतं. पूर्ण वाचनाला ४९९२ येतात, खरं उत्तर ४९९५.

खटपट्या

२२/२५ पेक्षा १५/१७ घ्या. ०.८८२४ येतो, जास्त जवळ. १०२३ ला ४९९४, ५१२ ला २४९९ (खरे २५००). मधला गुणाकारही १५३४५ पर्यंतच जातो.

बाइटमोजणी

मान्य, १५/१७ सरस. तसंही एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरीच ४.९ मिलिव्होल्टची आहे, त्यामुळे त्याहून बारीक भांडण्यात अर्थ नाही.

शून्यएक

बघा, सी मध्ये एक ‘लाँग’ (३२ बिटांचा पूर्णांक) लिहिलं असतं की झालं होतं. इथे दोघं जण अपूर्णांक शोधत बसलेत.

खटपट्या

शोधण्यातच तर मजा आहे राव. आणि प्रॉम्प्टवर प्रिंट एरीड(०) लिहून एंटर दिलं की त्या क्षणाचा आकडा समोर. सेन्सरवर हात धरायचा, परत एंटर. तुमच्या सी मध्ये एवढ्यासाठी आधी एक स्केच लिहावं लागतं. उंबरठा ३०० की ३५० हे मी याच पद्धतीने ठरवतो, डोळ्यांसमोर.

फोर्थप्रेमी

कुणीतरी फोर्थ भाषेचं नाव घेईल म्हणून वाट बघत होतो. कुणीच घेईना, तर मीच घेतो. प्रॉम्प्ट तिथेही मिळतो, वेग जास्त, मेमरी कमी.

मुक्तछंद

फोर्थप्रेमी प्रेमाने बोलतात, पण उलटं बोलतात. (फोर्थमध्ये आकडे आधी, क्रिया नंतर. ह. घ्या.)

निशिगंधा

वीज गेल्यावर टिकवायचं तर ईसेव्ह. गंमत बघा, ही आज्ञा वेगळं काही करत नाही. लिस्ट दिल्यावर पडद्यावर जो मजकूर दिसतो, तोच सीरिअलऐवजी ईप्रॉममध्ये ओतते. आणि ईलोड तो मजकूर तिथून एकेक अक्षर वाचते, जणू कुणी कळफलकावर टाइपच करतंय. एकाच कोडचा दोनदा वापर, म्हणून इतक्या कमी जागेत बसलंय. ईप्रॉम १०२४ बाइटांचं, तेव्हा मर्यादा तीच.

वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायला सोर्सच्या वरच्या भागात ईप्रॉममधून ऑटोरनचा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो, चालू करून इंटरप्रिटर पुन्हा अपलोड करा. मग सुरू होताना तो ईप्रॉमचा पहिला बाइट बघतो. तिथे अंक सापडला तर तो ओळीचा क्रमांक, म्हणजे प्रोग्राम आहे, असं धरून लोड करतो आणि पळवतो.

खटपट्या

एक सावधगिरी. ईप्रॉमची हमी साधारण एक लाख वेळा लिहिण्याची असते. प्रोग्राम साठवायला ती आयुष्यभर पुरेल. पण काही इंटरप्रिटरांत प्रोग्राममधूनच ईप्रॉममध्ये लिहिता येतं. तिथे दर सेकंदाला एकाच जागी वाचन नोंदवायला गेलात तर २८ तासांच्या आत लाख पुरे होतात.

आणि अवांतर: तुमचे ३०० आणि ४०० हे दोन उंबरठे ठेवलेत ते उत्तम. एकच आकडा असता तर संध्याकाळी रिले टकटक करत राहिला असता. फक्त दिव्याचा स्वतःचा उजेड सेन्सरवर पडू देऊ नका. तो ४०० च्या वर गेला की दिवा स्वतःलाच विझवेल, मग अंधार, मग पुन्हा लागेल.

आरती_सोल्डर

धागा वाचतेय, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न थोडा वेगळा. पिको असताना ऊनोशी झटापट का? आणि तिथे मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीचा पायथन) का नाही?

बाइटमोजणी

मायक्रोपायथनला २५६ केबी कोडची जागा आणि १६ केबी रॅम एवढी किमान सोय लागते, म्हणजे ऊनोवर प्रश्नच मिटला. पिकोवर ते मजेत चालतं. त्याच्या आरपी २०४० चिपमध्ये २६४ केबी रॅम आणि बोर्डावर २ एमबी फ्लॅश. पण धागा बेसिकचा आहे, तर पिकोसाठी पिकोमाइट बघा. त्यातला एमएमबेसिक मूळचा २०११ च्या मॅक्सिमाइट या संगणकाचा, जेफ ग्रॅहम यांनी लिहिलेला. टायनी बेसिकशी त्याची तुलनाच नको. दशांश आकडे, ६४ बिटांचे पूर्णांक, ओळ क्रमांकांची सक्ती नाही, स्वतःची सबरुटीन आणि फंक्शनं, आणि बोर्डावरच पूर्ण पडद्याचा एडिटर.

चढवायलाही सोपं. बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी जोडा, पेनड्राइव्हसारखी खिडकी उघडते, त्यात यूएफ२ फाइल टाका. मग टर्मिनलमध्ये प्रॉम्प्ट. एडिट म्हणा, लिहा, एफ२ दाबा, चालू. ॲनालॉग पिन थेट व्होल्टमध्ये वाचता येते, त्यामुळे १५/१७ ची सर्कस संपली. ऑप्शन ऑटोरन ऑन दिलं की वीज आल्यावर आपोआप सुरू.

प्रोग्राम तिथे फ्लॅशमध्ये राहतो, कारण या चिपला स्वतःची फ्लॅश लिहिता येते. तीही भानगडीशिवाय नाही. कोड त्याच फ्लॅशमधून धावत असतो आणि खोडायचं तर ४०९६ बाइटांचा आख्खा तुकडा खोडावा लागतो. तेवढा वेळ फ्लॅशमधून वाचता येत नाही, म्हणून लिहिणारा कोड रॅममध्ये ठेवून इंटरप्ट (मधेच दुसरा कोड चालवणारे इशारे) बंद करावे लागतात. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, पण स्वतः इंटरप्रिटर लिहायला घ्याल तर पहिली ठेच इथे लागेल.

एक मात्र लक्षात ठेवा: पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ऊनोवरचं ५ व्होल्टचं सेन्सरचं जोडकाम तसंच उचलून लावू नका.

शून्यएक

वेगाचं काय? कुणीच बोलत नाहीये.

खटपट्या

बोलू की. साध्या इंटरप्रिटरमध्ये गोटू आला की जिथे उडी घ्यायची ती ओळ पहिल्या ओळीपासून शोधत यावी लागते. म्हणून जुनी मंडळी सारखी लागणारी सबरुटीनं प्रोग्रामच्या सुरुवातीला ठेवत, ती खोड इथेही कामाला येते. शिवाय टोकन नसल्यामुळे प्रत्येक ओळीचा पहिला शब्द दर वेळी आज्ञांच्या यादीशी अक्षर-अक्षर ताडून बघितला जातो.

जिथे मायक्रोसेकंदांचा हिशेब आहे तिथे बेसिक हात टेकतं. डीएचटी २२ सारख्या आर्द्रता-सेन्सरमध्ये शून्य आणि एक यांतला फरक म्हणजे २६-२८ मायक्रोसेकंदांची नाडी की ७० ची. एवढ्यात टायनी बेसिकची एक ओळही पुरी होत नाही. तिथे ती आज्ञा इंटरप्रिटरच्या आत सी मध्येच असावी लागते, आणि एमएमबेसिकमध्ये ती आहे. पण रोज एकदा अंधार पडतो, त्याला मायक्रोसेकंद कशाला हवेत?

शून्यएक

या कामापुरतं पटलं. स्वतः लिहायचा झाला तर २ केबीत सगळ्यात आधी काय फुटतं?

बाइटमोजणी

स्टॅक. गणिती पदावली सोडवायला आपण एकातून दुसरं फंक्शन बोलावतो: तुलना, मग बेरीज-वजाबाकी, मग गुणाकार-भागाकार, मग एकच पद. कंस आला की पुन्हा वरून सुरुवात. म्हणजे प्रत्येक उघड्या कंसामागे तीन-चार फंक्शनांच्या चौकटी रॅमच्या वरच्या टोकाकडून खाली उतरत जातात. खाली तुमचा प्रोग्राम बसलाय. मध्ये भिंत नाही. दहा-बारा कंस एकात एक टाका, कुठल्यातरी ओळीतलं अक्षर हळूच बदलेल आणि दोष कुठे शोधावा कळणार नाही. कंसांची खोली मोजणारा एक बाइट ठेवा आणि ठरावीक खोलीनंतर सरळ चूक दाखवा. मी कुठलाही नवा छोटा इंटरप्रिटर मिळाला की पहिल्यांदा कंसच कोंबून बघतो.

तारजोड

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. पिकोमाइटही चढवून पाहिला, एडिटर झकास आहे, पुढचं काम त्यावरच. दिवा मात्र ऊनोवरच ठेवतोय. ईसेव्ह केलं, ऑटोरन चालू केला, वीज काढून लावली, पाच ओळी आपोआप पळाल्या.

शेवटची शंका. उद्या प्रोग्राममध्ये गडबड झाली आणि तो ऑटोरनवर असला तर? कंट्रोल-सी दिला तर लगेच थांबत नाही.

निशिगंधा

कंट्रोल-सी ओळ संपल्यावर तपासला जातो. तुमचा डिले १००० चालू असेल तर सेकंदभर थांबावं लागणार. त्यामुळे मोठे डिले तोडून लहान करा.

बाइटमोजणी

शिवाय एक सुटकेची पिन ठेवा. २ नंबरची पिन १० किलोओमच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला जोडा, आणि त्याच पिनेपासून ग्राउंडपर्यंत एक बटण. मग सुरुवातीला ही ओळ:

५ इफ डीरीड(२)=० स्टॉप

गोटू १० वर परततो, त्यामुळे ही ओळ फक्त सुरू होतानाच तपासली जाते. बटण दाबून धरून वीज लावली की प्रोग्राम थांबतो आणि प्रॉम्प्ट मिळतो. आणि हो, ओळ टाकल्यावर पुन्हा ईसेव्ह करा. नाहीतर ती रॅममध्येच राहील आणि नेमकी गरज असेल तेव्हा नसेल.


तारजोड

टाकली, सेव्ह केली, बटण दाबून धरून बघितलं. थांबतोय.